दोन बुचं

आईच्या बोटांचे सांधे सुजू लागले तेव्हा गोठ्यात सात दुभत्या शेळ्या होत्या, सगळ्या संगमनेरी. ती बोलली काहीच नाही. धारेचा आवाज तेवढा बदलला. पूर्वी भांड्यात दोन धारा सलग वाजत. आता मध्येच एक तुटायची.

गायी विकलेल्या चुलत्यांकडे दूध काढायचं यंत्र धूळ खात पडलं होतं, ते आणलं. यंत्र चार सडांचं, शेळीला सड दोनच. दोन पेले काढून त्यांच्या जागी, हवेच्या नळ्यांनाही, रबरी बुचं मारली. त्यातही चुकलो. एकाच बाजूचे दोन पेले ठेवले, तर दोन्ही सड एकदमच ओढले जायला लागले. आईनं थोडा वेळ पाहिलं. "माझे हात असे जोडीनं चालतात का रे?" एक पेला डावीकडचा, एक उजवीकडचा ठेवला, तेव्हा कुठे तो एकाआड एक ताल आला.

पेल्यांच्या आतले गायीचे रबरी लायनर मात्र चालेनात. सड आत सैल, कडेनं हवा फुसफुसायची आणि पेला गळून थेट लेंड्यांत. शेवटी अरुंद लायनर मागवले. हवेचा ओढा पाऱ्याच्या १५ इंचांवर होता, तो १२ च्या आत आणला. पल्सेटरचे, म्हणजे ओढ-सोड करणाऱ्या झडपेचे, ठोके मिनिटाला ६० होते. शेळीला ९० च्या आसपास लागतात, असं वाचलं होतं. तरी घड्याळ घेऊन आईसमोर बसलो आणि तिच्या एका हाताचे पिळे मोजले. ८४ भरले. पल्सेटरचा स्क्रू तिथवरच फिरवला.

शेळी बुटकी, म्हणून मोडक्या पलंगाच्या चौकटीचा ओटा केला, समोर घमेल्यात भरडा. चढायला उंच जागा दिसली की शेळीला बोलवावं लागत नाही. हल्ली आटलेल्याही रांगेत घुसतात.

गाय आधी पान्हवावी लागते. तिचं दूध बहुतांशी कासेत वर, बारीक पिशव्यांत अडून असतं. शेळीचं बहुतेक दूध खालच्या पोकळीत तयार असतं, दोन-तीन मिनिटांत उरकतं. घोर तिथेच. कास रिकामी झाली हे यंत्राला कळत नाही, ते ओढतच राहतं. रिकाम्या सडाला अशी ओढ रोज लागली, की सड दुखावतो आणि दगडीला, म्हणजे कासेच्या दाहाला, वाट मिळते.

खरं सांगायचं तर हिशेब बसत नाही. नळ्या, लायनर, कॅन धुण्यातच हातानं काढण्याइतका वेळ जातो. पण धुणारे हात माझे.

पहिल्या दोन धारा आई अजून स्वतःच काढते, काळ्या फडक्यावर, गाठी दिसतात का बघायला. मग पेले चढवते आणि कासेखाली तळवा धरून उभी राहते. मीटरकडे तिचं लक्ष नसतं. तळव्याला कास सैल लागली की म्हणते, "बंद कर."