पाच काळे ठिपके

आईचा विसराळूपणा वाढला, तेव्हा डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. चित्रांच्या एकाच मालिकेत पाच काळे ठिपके उमटले होते. इतर चित्रांत त्यांचा मागमूसही नव्हता.

रेडिओलॉजिस्टांनी उलगडून सांगितले. सूक्ष्म रक्तवाहिनीतून कधीकाळी रक्त झिरपले, की त्यातील लोह हिमोसिडरिनच्या रूपाने तेथेच साठून राहते. हे लोह यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित फरक पाडते आणि तेवढ्याने तेथील संकेत मावळतो. ‘एसडब्ल्यूआय’ ही पद्धत नेमका हाच फरक टिपते. त्यासाठी वेगळे इंजेक्शन लागत नाही. कॅल्शियमही काळेच दिसते. मात्र ‘फेज’ चित्रांवरून दोहोंतील भेद ओळखता येतो.

आई हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. घाबरून मी ती त्याच रात्री बंद करणार होते. डॉक्टरांनी रोखले. गोळी थांबवली तर गुठळीचे भय, चालू ठेवली तर रक्तस्रावाचे. हा निर्णय घरी घ्यायचा नसतो. सर्व तपासून त्यांनी गोळी चालू ठेवली आणि रक्तदाब काटेकोरपणे सांभाळायला सांगितला.

आता रोज सकाळी मी तो वहीत नोंदवते. “किती आला गं?” आई विचारते. मी सांगते. थोड्या वेळाने ती पुन्हा विचारते. मीही पुन्हा सांगते.