रेषेला वजन हवं

चित्रकथेतलं पात्र चेहऱ्यावरून ओळखलं जातं असं बहुतेकांना वाटतं. मला ते पटत नाही. मुलांच्या ‘टिंकल’ या चित्रकथांच्या अंकातला शिकारी शंभू पाहा. १९८३ साली वसंत हळबे यांनी तो उभा केला तेव्हापासून त्याचे डोळे टोपीखाली झाकलेलेच आहेत, तरी मुलं त्याला लांबून ओळखतात. म्हणून मराठवाड्यातल्या आष्टीत माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी पात्राची नुसती आकृती काळ्याने भरायला लावतो. त्यात ते ओळखू आलं, तरच पुढे नाक-डोळे.

सध्या माझ्या टेबलावर ऊसतोडीला जाणारी एक बाई आहे. पात्र मनातलं, पण तिचं उभं राहणं इथलंच. दिवाळीच्या आगेमागे आमच्या तालुक्यातून ऊसतोडीच्या जोड्या कारखान्यांकडे निघतात. साडीवर जुना शर्ट चढवलेली बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते, तेव्हा मान ताठ राहते आणि सगळा भार कमरेतून टाचेत उतरतो. हे पेन्सिलीत सापडलं नाही, तर नंतर कितीही सुंदर शाई लावा, चित्र पोकळच राहतं.

इंकिंग म्हणजे पेन्सिल गिरवणं नव्हे. गिरवलेली रेषा सगळीकडे सारखी जाड येते आणि पात्र कागदाला चिकटून बसतं. मोळीखालची, टाचेखालची रेषा मी ब्रश दाबून जाड करतो; उजेडाच्या बाजूला ती बारीक होत होत जवळजवळ नाहीशी होते. साडीच्या लांब चुण्यांना ब्रश, बोटांना आणि कोयत्याच्या पात्याला टाक. लांब वळण मनगटातून काढू नये, खांद्यातून काढावं. हात अडला तर कागद फिरवावा. चित्र छपाईच्या दीडपट आकारात काढतो, कारण लहान होताना बारीक रेषा तुटतात आणि जवळजवळच्या रेषा एकमेकींत मिसळतात.

काळ्या वॉटरप्रूफ शाईत काजळी आणि लाख असते. लाखेमुळे ती पाण्याने पसरत नाही, पण ब्रशच्या मुळाशी वाळली की ब्रश गेलाच. आमच्याकडच्या कोरड्या एप्रिलमध्ये ती निबच्या टोकावरच सुकते. म्हणून उन्हाळ्यात इंकिंग पहाटे, आणि हाताशी ओलं फडकं. खोडरबर दुसऱ्या दिवशी. घाईने फिरवला तर काळा करडा पडतो.

हे कसब मराठी हातांत फार पूर्वीपासून आहे. ‘टिंकल’मधल्याच सुप्पंडीला पहिलं रूप राम वाईरकरांनी दिलं, नागराज या हिंदी कॉमिक्सच्या नायकाचे सुरुवातीचे अंक प्रताप मुळीकांनी रेखाटले. पण ही पात्रं देशभर गेली ती इंग्रजी-हिंदीतून. मराठीत चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून घरोघरी पोचला आणि शहरी मध्यमवर्गीय घर त्यात छान उमटलं. मराठवाड्याच्या रानातलं, वर्षानुवर्षं चालणारं पात्र मात्र मला अजून भेटायचं आहे.

शि. द. फडणीस, वसंत सरवटे यांच्या हास्यचित्रांना दिवाळी अंकांनी मानाची पानं दिली. तशीच काही पानं संपादकांनी आता हाताने काढलेल्या चित्रकथेसाठी राखावीत, आणि त्यांतली निदान निम्मी तालुक्याच्या गावी राहणाऱ्या चित्रकारांना द्यावीत.