केशराची डबी

दशलक्षण पर्वात अभिषेकासाठी केशर ऑनलाइन मागवायचं ठरवलं. दुकान जाऊबाईंच्या माहितीतलं. पण फोनवरचा मुलगा म्हणाला, "काकू, पैसे माझ्याच नंबरवर टाका, दोनशे कमी करतो." मन अडलं. सांगावं तर पोराची नोकरी जायची. न सांगावं तर उद्या दुसरी कुणी फसायची. गप्प बसणं म्हणजे काही दया नव्हे! बिलावरच्या नंबरवर मालकीणबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सबबी सांगितल्या नाहीत. "पैसे दुकानाच्या खात्यावरच भरा, त्याच्याशी मी बोलते," म्हणाल्या. सून म्हणाली, "पैसे गेलेच असते, तर लगेच १९३० ला फोन करायचा." केशर घेतलं मी. माणूस कुठंही चुकतो. चूक कानावर आल्यावर मालक काय करतो, त्यावरून दुकान पारखावं.