रुमालाची दुसरी बाजू

ब्रिटनमधील बहुसंख्य घरे गॅसवर चालणाऱ्या बॉयलरने तापवली जातात. स्वयंपाकघरातील कपाटात, माळ्यावर किंवा जिन्याखालच्या चिंचोळ्या जागेत बसवलेल्या या यंत्रात पाणी तापते आणि ते खोल्याखोल्यांतील रेडिएटरांमधून फिरून पुन्हा यंत्राकडे परतते. हा बॉयलर साधारणपणे वर्षातून एकदा उघडून तपासला व साफ केला जातो, आणि ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाची नोंद 2009 पासून ‘गॅस सेफ रजिस्टर’ या नोंदवहीत असावी लागते. त्याच्या अवजारांपैकी धुरातील वायू मोजणारे विश्लेषक यंत्र पारखून घेतले जाते, पान्यांबद्दल चर्चा होते. व्हॅक्यूम क्लीनर मात्र बहुधा दुकानात जो स्वस्त व सुटसुटीत दिसेल तो उचलला जातो. ही हेळसांड योग्य नाही, कारण परक्याच्या घरात, त्याच्या स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी काजळीचे यंत्र उघडणाऱ्याची खरी कसोटी तो गेल्यावर मागे काय उरते यावर लागते.

व्हॅक्यूम क्लीनरचा इतिहासच निवडीचे तत्त्व सांगतो. ब्रिटिश अभियंता ह्युबर्ट सेसिल बूथ याने लंडनमध्ये एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले, ज्यात हवेच्या झोताने धूळ उडवली जात असे. धूळ उडत होती खरी, पण इकडची तिकडे जाऊन बसत होती. धूळ फुंकण्याऐवजी ओढून घ्यावी ही कल्पना पडताळण्यासाठी त्याने एका उपाहारगृहातील खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्यातून तोंडाने हवा ओढली आणि रुमालाच्या खालच्या बाजूला धूळ चिकटलेली पाहिली, असे सांगितले जाते. 1901 मध्ये त्याने या शोधाचे पेटंट घेतले. त्याचे पहिले अवाढव्य यंत्र घोडागाडीवरून येई आणि रस्त्यावरच उभे राही. घरात केवळ लांब नळ्या खिडक्यांतून जात. म्हणजे पंप, इंजिन आणि त्यातून बाहेर पडणारी हवा हे सारे घराबाहेर असे. यंत्र आटोपशीर होऊन घरात शिरले, तेव्हा ही बाहेर पडणारी हवाही त्याच्यासोबत घरात आली. त्यामुळे पूर्वी जे काम अंतराने होत होते ते आता गाळणीला, म्हणजे त्या रुमालाला, करावे लागते.

बॉयलरमधली धूळ ही गालिच्यावरच्या धुळीसारखी नसते. इंग्लंड व वेल्समध्ये 2005 पासून नवे बॉयलर, मोजके अपवाद वगळता, ‘कंडेन्सिंग’ प्रकारचे बसवावे लागतात. या प्रकारात धुरातील वाफ थंड करून तिचे पाणी केले जाते आणि त्यातून सुटणारी उष्णताही वापरात आणली जाते. ज्वालेची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाला हीट एक्स्चेंजर म्हणतात. तो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असेल तर त्यावर पांढुरकी-करडी भुकटी साचते, स्टेनलेस स्टीलचा असेल तर वेटोळ्यांच्या फटींत तपकिरी-काळसर खपली धरते. बर्नरचे झाकण काढल्यावर तंत्रज्ञ एका हाताने नायलॉनचा ब्रश फटीतून सरकवतो आणि दुसऱ्या हाताने नळीचे अरुंद तोंड ब्रशच्या अगदी लगत धरतो, जेणेकरून खपली सुटताक्षणी उचलली जावी. हे साधले नाही तर ती खाली घसरून ‘ट्रॅप’मध्ये जाते. ट्रॅप म्हणजे आम्लधर्मी सांडपाणी बाहेर सोडणारी, पण स्वतःत थोडे पाणी धरून ठेवून धुराला घरात येऊ न देणारी वळणदार जागा; ती गाळाने तुंबली की पाणी मागे चढते आणि बॉयलर बंद पडतो.

या दोन हातांच्या कामातूनच यंत्राच्या ताकदीचा खरा अर्थ कळतो. व्हॅक्यूम क्लीनरच्या माहितीपत्रकात ठळकपणे छापलेले वॉट हे मोटर किती वीज खाते एवढेच सांगतात. त्याची उपयुक्तता दोन वेगळ्या राशींवर ठरते: किलोपास्कलमध्ये मोजली जाणारी ओढ आणि लिटर प्रति सेकंदात मोजला जाणारा हवेचा प्रवाह. नळीचे तोंड तळहाताने बंद केले की ओढ कमाल होते आणि प्रवाह शून्यावर येतो; तोंड मोकळे सोडले की नेमके उलट घडते. गालिचा झाडताना रुंद तोंडातून भरपूर प्रवाह हवा असतो, तर बॉयलरच्या फटीत शिरणारे अरुंद तोंड प्रवाहाला आधीच अडवते, म्हणून तेथे ओढ टिकवून धरणारे यंत्र कामाचे ठरते. नळीचा व्यास निम्मा केला की तिचे क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावर येते, हे साधे गणित दुकानात उभे असताना बहुधा विसरले जाते.

गाळणीचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. युरोपीय मानकांनुसार कामाच्या ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या यंत्रांचे एल, एम आणि एच असे वर्ग पाडलेले आहेत. एल वर्गात गाळणीतून 1 टक्क्यापर्यंत, एम वर्गात 0.1 टक्क्यापर्यंत आणि एच वर्गात केवळ 0.005 टक्क्यापर्यंत धूळ निसटू शकते. गॅसच्या वाहिन्या न पोहोचलेल्या गावांत आणि उत्तर आयर्लंडमधील बहुसंख्य घरांत केरोसीनवर चालणारे बॉयलर असतात, आणि त्यांची काजळी गाळणीची खरी परीक्षा घेते. तिचे कण इतके सूक्ष्म असतात की साध्या गाळणीतून ते सहज पार होतात आणि मोटरच्या हवेसोबत मागून बाहेर पडून भिंतीवर काळी झाक धरतात, जी पुसली तर पसरते. चांगली गाळणी ही काजळी अडवते खरी, पण पिशवी नसेल तर स्वतःच लवकर बुजते. म्हणून काजळीच्या कामात आधी न विणलेल्या कापडाची पिशवी आणि तिच्यामागे बारीक गाळणी अशी दुहेरी रचना हवी. पिशवीचा दुसरा लाभ असा की ती तोंड बंद करून उचलता येते. पिशवी नसलेले भांडे ग्राहकाच्या दारात रिकामे करताना केलेले सारे काम हवेत उधळले जाते.

पाण्याची बाजूही विसरता येत नाही, कारण ट्रॅप रिकामा करताना आम्लधर्मी सांडपाणी आणि रेडिएटर उतरवताना लोहाच्या ऑक्साइडचा काळा गाळ मिसळलेले पाणी हमखास सांडते. ज्या मोटरला थंडावा देणारी हवा आणि आत ओढलेली हवा एकच असते, तिला ओलावा सोसत नाही. ओल्या कामासाठी थंडाव्याचा मार्ग वेगळा ठेवलेली मोटर लागते. गोल टोपी आणि हसऱ्या चेहऱ्याचा लाल ‘हेन्री’ व्हॅक्यूम क्लीनर ब्रिटनमधील कारागिरांच्या गाड्यांत सर्वत्र दिसतो आणि त्याच्या दणकटपणाबद्दलचा लौकिक सार्थ आहे, पण तोही कोरड्या कामापुरताच आहे.

बॅटरीवर चालणारे लहान यंत्र घ्यावे की वायरचे, याचा निर्णय अखेरीस जिना करतो. माळ्यावर पुष्कळदा विजेचा सॉकेट नसतो आणि शिडी चढताना एक हात मोकळा लागतो, तेव्हा हलके यंत्र उपकारक ठरते. 18 व्होल्ट आणि 5 अँपियर-तासांच्या बॅटरीत 90 वॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे 300 वॉट खाणारे यंत्र जेमतेम 18 मिनिटे चालते. एका गॅस बॉयलरला ते पुरते, काजळीने भरलेल्या बॉयलरला पुरेलच असे नाही. यंत्र कोणतेही असो, कोरडी धूळ प्लास्टिकच्या नळीतून धावताना स्थिर वीज निर्माण होते आणि जवळच बॉयलरचा नाजूक इलेक्ट्रॉनिक फलक असतो, म्हणून स्थिर वीज वाहून नेणारी नळी असल्यास उत्तम.

मात्र यंत्र कितीही चांगले असले तरी ते पिशवीतून बाहेर काढायचेच नाही, असे प्रसंग ओळखणे हा या निवडीचाच भाग आहे. घरात गॅसचा वास येत असेल तर मोटरच्या ब्रशांची एक ठिणगी पुरेशी असते, कारण हवेत सुमारे 5 ते 15 टक्के नैसर्गिक वायू मिसळला की ते मिश्रण पेट घेऊ शकते. जुन्या बॉयलरमधील दोरीसारखी सील किंवा धुराड्याचा पाइप ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. ब्रिटनने त्यावर संपूर्ण बंदी 1999 मध्ये घातली, पण आधी बसवलेले पुष्कळ अजून जागेवर आहे. त्यावर साधे यंत्र चालवणे म्हणजे फुप्फुसांत रुतणारे तंतू घरभर पसरवणे होय; तेथे हात मागे घेऊन प्रशिक्षित माणसांना आणि एच वर्गाच्या यंत्राला जागा करून देणे हेच कौशल्य ठरते.

म्हणून दुकानात यंत्र हाती घेणाऱ्याने नळीच्या तोंडाआधी हवा बाहेर पडण्याची जाळी पाहावी. मिनिटभर यंत्र चालवून त्या जाळीपुढे पांढरा रुमाल धरावा आणि पहिल्या काजळीच्या कामानंतर हीच तपासणी पुन्हा करावी. बूथच्या रुमालावर धूळ दिसली तेव्हा त्याची कल्पना खरी ठरली. या रुमालावर ती दिसली नाही, तर निवड खरी ठरते.