भिंत कोणाची?

दिल्लीत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या मराठी माणसाचा आणि घराच्या भिंतीचा संबंध मोठा सावधपणाचा असतो. घर सरकारचे, खिळा ठोकावयाचा तरी मन कचरते, आणि बदलीचा हुकूम हाती पडला की तसबिरी उतरवून, भोके बुजवून चालते व्हावयाचे. अशा आम्हा मंडळींना लोधी कॉलनीतील भिंतींचे अप्रूप वाटावे, ह्यात नवल ते काय?

इंग्रजी अमदानीच्या अखेरीस सरकारी नोकरांसाठी उभारलेली ही वसाहत. खन्ना मार्केट आणि मेहरचंद मार्केट ह्यांच्या दरम्यानच्या तिच्या कमानदार दर्शनी भिंतींवर २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून 'स्टार्ट इंडिया फाउंडेशन' ह्या संस्थेने देशी-परदेशी चित्रकारांकडून चित्रे काढवून घेतली. आज ती पन्नासांहून अधिक आहेत. पाहण्यास तिकीट नाही की पहारा नाही. चित्राखाली सायकली टेकलेल्या असतात आणि वरच्या गच्चीत कपडे वाळत असतात. डाकू ह्या नावाने काम करणाऱ्या कलावंताने तर एका भिंतीवर बाहेर आलेली अक्षरे बसविली. सूर्य सरकेल तशा त्या शब्दांच्या सावल्या लांबतात आणि विरून जातात. बदलीच्या नोकरीवरील ह्याहून नेमके भाष्य आमच्या तरी पाहण्यात नाही.

परंतु भिंत रंगविणे ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. डहाणू, तलासरीकडील वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाष्णी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. तिकडे मिथिलेत वधूवरांच्या खोलीत कोहबर रेखतात. ही चित्रे टिकण्यासाठी नसतातच. कार्य झाले की ती पुसट होतात, पुढच्या कार्याला नवी उमटतात.

ह्या दोन भिंतींना जोडणारा दुवा मराठी आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर ह्यांच्या सांगण्यावरून मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी बिहारात गेले. भिंतीवरचे तेच चित्र कागदावर काढा, म्हणजे चार पैसे मिळतील, असे त्यांनी मिथिलेतील स्त्रियांना समजावले. पुढे ते वारल्यांमध्येही वावरले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे ह्यांच्या हाताला त्यांनी उत्तेजन दिले. मशे ह्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. घरापासून दूर, परक्या मुलखात कामावर पाठविलेल्या माणसाने तिथल्या लोकांकडे डोळे उघडे ठेवून पाहिले म्हणजे काय घडते, त्याचा हा दाखला आम्हाला फार जवळचा वाटतो.

त्याच मिथिलेच्या गंगादेवी पुढे दिल्लीस आल्या. कर्करोगाशी झुंजत असताना त्यांनी प्रगती मैदानाजवळच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये एक संपूर्ण कोहबर रंगविले. १९९१ साली त्या वारल्या. आणि २०१५ साली नूतनीकरणाच्या कामात ते कोहबर नष्ट झाले. त्याच वर्षी लोधी कॉलनीतील भिंती रंगू लागाव्यात, हा योगायोग आम्हाला बेचैन करतो.

कोणी म्हणेल, पुसून जाणे हा तर त्या चित्राचा धर्मच! हे आम्हास मान्य नाही. गावातील घरभिंत जी बाई लिहिते, तिच्याच घरचे लोक ती पुन्हा सारवतात. पुसणारा हात आणि लिहिणारा हात एकाच घरचा असतो. इथे लिहिणारीने आजारपणात आपले उरलेले बळ ओतले, आणि पुसणाऱ्यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. विसर्जन आणि विध्वंस ह्यांत पाण्याचा नव्हे, हाताचा फरक आहे.

म्हणून परप्रांतीच्या आपल्या मंडळांना एक सुचवावेसे वाटते. गणेशोत्सवात वारली नक्षीचे छापील कापड टांगण्यापेक्षा एखाद्या वारली चित्रकाराला सन्मानाने बोलवावे. त्याची मजुरी आधी ठरवावी, चित्राजवळ त्याचे नाव ठळक लिहावे, छायाचित्र काढून जपावे. आणि भिंत पुन्हा रंगविण्याची वेळ आली तर त्याला आधी कळवावे. एवढे केले तर चित्र राहो वा जावो, चित्रकार राहील. भिंत आपली नसेल. पण तिच्यावर कोणाचा हात फिरला, ह्याची आठवण ठेवावयास मालकी हक्क लागत नाही.