घाटातला कारकून

आमचे खापरपणजोबा रेल्वेत मोठे साहेब होते, अशी आमच्या घरची आख्यायिका. बोरघाट म्हणे त्यांनीच बांधला! लग्नाकार्यात ही गोष्ट निघाली की घाटाची उंची दर पिढीला शंभरेक फुटांनी वाढायची.

माळ्यावरच्या पेटीत त्यांची मोडीतली वही सापडली. एका जाणत्या गृहस्थांकडून ती बालबोधीत उतरवून घेतली, आणि साहेब घाटावरून थेट पायथ्याशी आले. ते कंत्राटदाराकडचे हजेरी कारकून होते! पानेच्या पाने मजुरांची नावे आणि पुढे हजेरीच्या रेघा. शके १७८१ च्या मार्गशीर्षात, म्हणजे १८५९ च्या अखेरीस, कितीतरी रेघा मध्येच थांबलेल्या.

वही घेऊन खंडाळा गाठले. घाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली गाडी धावली. पंचवीस बोगदे फोडले. ऐन भरात चाळीस हजारांवर माणसे राबत होती. आज गाडीत चहा संपायच्या आत घाट संपतो. १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज कंत्राटदार इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. काम त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसबाईंनी, अंगावर घेऊन तडीस नेले. त्याच सुमारास पटकीने मजुरांच्या झोपड्या ओस पाडल्या. ट्रेडवेलचे नाव पुस्तकांत आहे. या मजुरांची नावे मला तरी या वहीतच भेटली.

वहीच्या शेवटी एक खर्च होता : नाशकास जाण्यायेण्याचे गाडीभाडे. तिथे तेव्हा रेल्वे पोचली नव्हती, म्हणजे बैलगाडी. हजेरीच्या वहीत हे कशाला?

म्हणून नाशिक. रामकुंडाजवळ आमच्या तीर्थोपाध्यायांनी गाव, आडनाव विचारले आणि जुना चोपडा काढला. “हे बघा, तुमच्याच माणसाचं अक्षर.” वळण तेच, वहीतले. धाकटा भाऊ, वय एकोणीस, खंडाळ्यास पटकीने वारला. अस्थी घेऊन आलो.

आमच्या वंशावळीत धाकटा भाऊ नाहीच. लग्नाआधी गेला, वंश खुंटला, नाव गळले. परतल्यावर वही पुन्हा उघडली. नवव्या पानावर तो होता, सुरुंगवाल्यांच्या टोळीत. त्याची शेवटची रेघ थोरल्यानेच ओढलेली. पुढचे काही दिवस हजेरी दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात आहे.

“आता लग्नात साहेबांचं काय सांगायचं?” चुलतभाऊ खट्टू होऊन म्हणाला. पण वंशावळीत धाकट्याचे नाव त्याच्याच सुबक अक्षरात घालून घेतले.