सत्तर मीटरमधला बाण

२ नोव्हेंबर
बाण सुटतानाचा वेग मोजणारं क्रोनोग्राफ साताऱ्याच्या तिरंदाजी शिबिराच्या मैदानावर आधीपासून आहे. दोन सेन्सर, मधलं अंतर ठरलेलं, ते कापायला लागलेला वेळ मोजला की झाला वेग. पण प्रशिक्षक सरांचं त्यावर समाधान होत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. एकाच वेगाने सुटलेले दोन बाण सत्तर मीटरवर एकाच उंचीवर लागतीलच असं नाही. बाण खाली गेला की मुलं मान खाली घालतात आणि आपण सरसकट ‘रिलीज सुधार’, म्हणजे दोरी सोडणं सुधार, म्हणतो. दोष हाताचा की बाणाचा, हे वेगळं काढता यायला हवं. कोरियाच्या संघाकडे त्यासाठी ह्युंदाईने बनवलेलं बाण सोडणारं यंत्र आहे. माणसाचा हातच बाजूला ठेवायचा आणि बाण पारखायचे. आपल्याकडे ते नाही. पण बाणाला लागणारा वेळ मोजणारं घड्याळ आपण बनवू शकतो.

५ नोव्हेंबर
बाणाला होणाऱ्या हवेच्या रोधावरचं टोकियोच्या मियाझाकी आणि सहकाऱ्यांचं काम आज पुन्हा वाचलं. वातबोगद्यात बाण धरायचा कशाने, हाच पेच असतो. दांडी लावली की तिचाही अडथळा मोजला जातो. त्यांनी बाणाच्या नळीत चुंबक घातलं आणि जॅक्सा या जपानी अंतराळ संस्थेच्या बोगद्यात, भोवतीच्या विद्युतचुंबकांच्या जोरावर बाण अधांतरी तोलून धरला. तोलायला किती करंट लागला, त्यावरून हवेचा रोध कळतो. काय देखणी युक्ती आहे!

निष्कर्षही तसाच. बाणाच्या अंगालगतचा हवेचा पातळ थर संथ वाहत राहिला, तर रोधगुणांक साधारण १.५, तोच थर खवळला तर २.६ च्या आसपास. आणि खवळायला फार मोठं कारण लागत नाही. टोकाचा आकार बदलला, बाण किंचित तिरका उडाला, तरी पुरतं.

रात्री आकडेमोड केली. २० ग्रॅमचा, साडेपाच मिलिमीटर जाडीचा बाण, सुटताना वेग सेकंदाला ५८ मीटर. थर संथ असेल तर ७० मीटरला सुमारे १.२६ सेकंद, पूर्ण खवळला तर १.३०. फरक ४० मिलिसेकंदांचा. पण तेवढ्यात बाण वीसेक सेंटिमीटर खाली येतो. रिकर्व्ह धनुष्याच्या प्रकारातल्या १२२ सेंटिमीटरच्या लक्ष्यावर एकेका वर्तुळाची रुंदी ६.१ सेंटिमीटर असते. म्हणजे दहाचा बाण सातवर! तिरंदाजाने काहीही वावगं केलेलं नसताना.

तर मोजायचं ते हे: सुटतानाचा वेग आणि लक्ष्यापर्यंतचा वेळ, दोन्ही.

९ नोव्हेंबर
पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून इन्फ्रारेड एलईडी, फोटोडायोड, पिझोच्या चकत्या आणि केबलचं एक अख्खं बंडल आणलं. धनुष्यापुढे पीव्हीसी पाइपची चौकट, तिच्यात प्रकाशाचे दोन पडदे, मध्ये ५० सेंटिमीटर. एवढं अंतर बाण नऊ मिलिसेकंदांच्या आत ओलांडतो. इथे घड्याळापेक्षा फूटपट्टी महत्त्वाची. मायक्रोकंट्रोलर चार मायक्रोसेकंद चुकला तरी बिघडत नाही. पडद्यांमधलं अंतर एका मिलिमीटरने चुकलं, तर वेग ०.२ टक्क्याने चुकतो.

दुसऱ्या टोकाला, लक्ष्याच्या मागे फोमला पिझोची चकती चिकटवायची. बाण रुतला की ती थरथरते आणि खूण मिळते. धनुष्याजवळ माइक ठेवून ‘थप्प’ ऐकायचं म्हटलं, तर आवाजालाच परत यायला ०.२ सेकंद लागतात, तेही वारा आणि तापमानाप्रमाणे बदलणार. म्हणून सरळ वायर. बिनतारीच्या मोहात पडायचं नाही. संदेश कधी किती रेंगाळेल याचा भरवसा नसतो.

१२ नोव्हेंबर
बाण नसतानाही घरात पडदे वाजत होते. कारण ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो आणि डायोडला ते दिसतं. उन्हात वेगळीच तऱ्हा, डायोड पार दिपून जातो. प्रत्येकाला काळ्या नळकांडीत बसवलं, दोन्ही प्रश्न मिटले.

१७ नोव्हेंबर
सातारा. सकाळी वारा नव्हता. शिबिरातली सगळ्यात गप्प मुलगी पुढे आली. चौकट डोळ्यांसमोर असूनही विचलित झाली नाही. दोरी पुरती ओढल्याची खूण देणारा क्लिकर वाजला, बोटं सुटली, बाण गेला. हाय-स्पीड व्हिडिओत दिसलं की दोरीचा धक्का मागून बसताच बाण मासोळीसारखा वळवळत रायझरला, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागाला, वळसा घालून निघतो. त्यामुळे टोकाने पडदा तोडताच पहिली खूण घ्यायची आणि मागून येणाऱ्या पिसांकडे दुर्लक्ष करायचं, हे प्रोग्राममध्ये घातलं ते बरं झालं.

कंपाउंड धनुष्यवाल्या पोरांना लगेच त्यांचाही वेळ हवा होता. २०२३ मध्ये बर्लिनला इथलीच अदिती स्वामी कंपाउंडमध्ये विश्वविजेती झाली तेव्हापासून इथे कंपाउंडचं वेड आहे. त्यांचं अंतर ५० मीटर, बाणही जलद, सगळा प्रवास ०.६ सेकंदाच्या आसपास. हवेला बिघडवायला वेळच कमी मिळतो. आधी रिकर्व्ह, असं सरांनी ठरवलं.

२३ नोव्हेंबर
त्या गप्प मुलीचे बहुतेक बाण १.२६ ते १.२७ सेकंदांत पोचतात. सात नंबरचा मात्र दर वेळी वीसेक मिलिसेकंद उशिरा. सुटतानाचा वेग इतरांइतकाच.

“काका, तो मी मॅचला घेतच नाही. खाली जातो.”

“सरांना सांगितलंस?”

“ते म्हणाले, रिलीज बघ.”

सर शेजारीच होते. त्यांनी बाण हातात घेतला, टोकाच्या सांध्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. टोक नळीत पूर्ण बसलेलं नव्हतं, केसभर कड उभी राहिली होती.

२४ नोव्हेंबर
कड दिसली म्हणजे कारण सापडलं असं नाही. पिसंही वाकडी असू शकतात. म्हणून सात आणि चार नंबरच्या बाणांची टोकं अदलाबदल केली. सरांनी लायटरने फक्त धातूचं टोक तापवलं, कार्बनच्या नळीला आच लागू दिली नाही, आणि मऊ झालेल्या गोंदातून पकडीने ते ओढून काढलं. सात नंबरच्या टोकाच्या कडेला बारीक ठोका होता, म्हणूनच ते नीट बसत नव्हतं. अदलाबदलीनंतर उशीर चार नंबरला, सात नंबर इतरांबरोबर. उशीर टोकाबरोबर गेला.

मुलगी एवढंच म्हणाली, “मग माझा हात बरोबर होता.” सर म्हणाले, “होता.” या एका शब्दासाठी सगळी वायर ओढली असती, तरी मला चाललं असतं.

२८ नोव्हेंबर
वारा असताना घेतलेल्या नोंदी निरुपयोगी आहेत. समोरून झुळूक आली की सगळेच बाण उशिरा पोचतात. पहाटेचीच वेळ धरायची, आणि क्रमांक आलटून-पालटून मारायचे, म्हणजे हवा बदलली तरी एकाच बाणावर आळ येणार नाही. सरांनी यादी केली आहे. ज्यांच्याकडे बाणांचा एकच संच आहे, त्यांचे बाण आधी तपासायचे. ठोका असलेलं टोक बदलायला थोडकेच पैसे लागतात, नवा संच घरच्यांना कर्जात घालतो. पिझोची चकती फोममागून सुटते आहे. ती आता पट्टीने बांधायची.